बॉनेटची आंघोळ

सोलापुरात आमचं गॅरेज होतं, पण त्याला जागा नव्हती. एक जुना तीनचाकी टेम्पो होता. गाडी जिथं बंद पडेल तिथं आम्ही जायचो: दवाखान्याच्या दारात, सात रस्त्याच्या कडेला, कधी थेट मोडनिंबच्या वाटेवर एखाद्या बाभळीखाली. दुरुस्ती माझा मेहुणा करायचा आणि बाकी सगळं मी. बाकी सगळं म्हणजे सामान आणणं, आलेले निरोप टिपून ठेवणं, कोणाकडं आधी जायचं ते ठरवणं, टेम्पोतल्या प्रत्येक पान्याला त्याची खाच देणं आणि संध्याकाळी तो त्याच खाचेत परत आला का ते पाहणं.

त्याआधी मी एका गिरणीच्या कोठारात कारकून होतो. तिथं बॉबिनपासून पट्ट्यापर्यंत प्रत्येक वस्तूला फळी, फळीला क्रमांक आणि क्रमांकाला चिठ्ठी. ती सवय अंगात मुरली ती मुरलीच. सकाळी चहाबरोबर दिवसाची यादी लिहिल्याशिवाय मला चपला सापडत नसत. मेहुण्याच्या मते हा एक आजार होता. "दाजी," तो म्हणायचा, "जेवताना तुमी घास बी लिहून ठेवता का?" त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, ताटं वाढता वाढता हसायची आणि कोणाचीच बाजू घ्यायची नाही.

मेहुणा कुर्डुवाडीला लोखंडाच्या कामात तयार झालेला. इंजिन बंद करून नुसता कान लावला तरी त्याला काहीतरी ऐकू येतं असं गिऱ्हाइकं म्हणायची. तोही ते खोडून काढायचा नाही.

रंगाची कल्पना माझी. इंजिन सुरू झालं की मालक खूश होऊन दोन पावलं मागं सरकायचा, गाडीकडं पाहायचा आणि मग हमखास एका जागी बोट ठेवायचा. ह्याचं पण काही करता येतंय का बघा की. ह्याचं म्हणजे ओरखड्याचं. आमच्या पेठांमधल्या बोळांतून मोटार न्यायची म्हणजे टांग्याचा आस, सायकलचं हँडल किंवा म्हशीचं शिंग, यांतलं काहीतरी लागणारच. तेवढ्याशा रंगासाठी गाडी आठवडाभर पेंटरच्या शेडमध्ये कोण सोडणार? आम्ही मात्र दारात उभेच होतो. हत्यारं काढलेली, हात काळे झालेले. तिथंच ओरखडाही झाकून दिला तर गाडी हलायला नको आणि माणसाचा खोळंबा नको.

मेहुण्याला ही कल्पना अजिबात पटली नाही. "मी इंजिनाचा डॉक्टर हाय, दाजी. पावडर-कुंकू करायला न्हाय आलो. उद्या म्हणाल, गाडीला मेंदी बी काढ." टेम्पोच्या बाजूला 'मोटार दुरुस्ती, जागेवर' अशी पाटी होती आणि तिच्याखाली वीतभर मोकळी जागा. तिथं मला 'रंगकाम' हा शब्द हवा होता. मेहुण्यानं त्या जागेवर पंजा ठेवला आणि सांगितलं, आधी एक गाडी रंगवून दाखवा, मग हिला हात लावा.

मी शिकायला लागलो. जकात नाक्याजवळ ट्रक रंगवणारा एक पेंटर होता. रविवारी त्याच्याकडं जाऊन मी घासायला बसायचो. घासायचा पाण्याचा कागद किती ओला ठेवायचा, खड्डे भरायची लांबी कशी ओढायची, रंगाखालच्या अस्तराचा हात कधी सुकला म्हणायचं, फवारा किती लांबून मारायचा, हे त्यानं दाखवलं आणि मी क्रमानं लिहून घेतलं. एक गोष्ट तो दर रविवारी सांगायचा: घासलेल्या पत्र्याला तेलाचा हात लागू द्यायचा नाही. तेही मी लिहून घेतलं, खाली रेघ मारून. सराव करायला घरात बायकोची लग्नातली लोखंडी ट्रंक होती. दिवाळीपर्यंत ती ट्रंक एका बाजूनं आकाशी, दुसऱ्या बाजूनं तपकिरी आणि झाकणावर पोपटी झाली होती. बायको म्हणाली, माहेरच्यांनी दिलेली एकच वस्तू होती ओळखू येण्यासारखी, तीही गेली.

पण मदतही तिनंच केली. रंग जुळवताना मी चुकत होतो. डबीत बरोबर दिसणारा रंग गाडीवर निराळा दिसायचा. तिनं विचारलं, कुठं बसून जुळवता? मी म्हटलं, टेम्पोत. तिनं कपाळावर हात मारला. साडीवरचं ब्लाउजपीस घेताना बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उन्हात धरून बघते, हे एवढी वर्षं बरोबर येऊन मला दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून डबी उन्हात.

राहिला प्रश्न हवेचा. फवाऱ्याला दाबाची हवा लागते आणि रस्त्यावर वीज कुठून आणणार? इथं मेहुणा स्वतःच्याच स्वभावात अडकला. रंगाला त्याचा विरोध होता, पण हवा कशी आणायची हे कोडं मी मुद्दाम त्याच्यासमोर बोलून दाखवलं आणि पुढं काही बोललो नाही. दोन दिवस तो नळ्या आणि व्हॉल्व्ह चाळत बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं ट्रकचं एक जुनं चाक टेम्पोत चढवलं. त्यात पंपावर टम्म हवा भरायची, व्हॉल्व्हला नळी जोडायची आणि नळीच्या टोकाला फवारा. मध्ये पाणी अडवायला एक छोटी बाटलीही बसवली होती. चाकातली हवा एका दरवाज्याला पुरायची. मी कौतुक केलं तर म्हणाला, "मी फकस्त चाक ठेवलंय. रंगाचं मला काय बी म्हाईत न्हाय."

पहिलं काम आलं ते थेट आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून. चाटी गल्लीतले एक कापड व्यापारी, घरात कन्नड, दुकानात मराठी, रागावले की दोन्ही. त्यांची आणि त्यांच्या भावाबंदांची मिळून जेवढी वाहनं होती, त्यांवर आमची निम्मी चूल पेटायची. गठ्ठे दोरानं माडीवर ओढताना एक गठ्ठा सुटला आणि त्याची लोखंडी पट्टी त्यांच्या फिकट पिस्त्या रंगाच्या अँबॅसिडरच्या बॉनेटवर बसली. मधोमध खड्डा आणि रंगाचा टवका उडालेला. परवा सकाळच्या गाडीनं मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं विजापूरहून यायची होती आणि त्यांना आणायला हीच मोटार स्टेशनवर जायची होती. पेंटरनं आठवडा मागितला. मी म्हणालो, उद्या संध्याकाळपर्यंत देतो.

व्यापाऱ्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "कारकूनसाहेब, जमतंय म्हणून सांगताय. पोरीचं लगीन हाय. गाडीचं तोंड बिघडलं तर माझ्या दारात परत येऊ नका. भावांच्या बी न्हाय."

सामान आणायला घरी येताना मेहुणा म्हणाला, "दाजी, ट्रंकेवर भागत होतं की आपलं."

त्याच दुपारी त्यानं खड्डा आतून ठोकून असा काढला की बोट फिरवून जागा सापडेना. मी लांबी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या घरामागच्या फरशीवर हजर झालो. बायकोनं सांगितल्याप्रमाणं आधी सगळीकडं पाण्याचा सडा टाकला, धूळ बसावी म्हणून. बॉनेट घासलं, अस्तराचा हात दिला, तो सुकला. माझ्या यादीत पुढची ओळ होती: नारळ. पहिलंच काम, रंगाचा पहिलाच फवारा. शुभारंभ रंगाच्या आधी करायचा हे मी आदल्या रात्रीच ठरवून ठेवलं होतं आणि नारळ पिशवीत होता.

तेवढ्यात व्यापाऱ्यांची आई ताट घेऊन आली. घरातले सगळे तिला अव्वा म्हणायचे, आम्हीही. ही मोटार घरात आल्यापासून दर सोमवारी तिच्या बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढणं हे अव्वाचं काम. अवसेला तेलाचा ठिपका आणि त्यावर कुंकू. तेल असलं की कुंकू वाऱ्यानं उडत नाही. ती म्हणाली, "नवं वस्त्र नेसवायच्या आदी देवाचं नाव घ्यावं लागतंय. लग्नाचं काम हाय." माझ्या यादीतही तेच होतं, त्यामुळं मला आनंदच झाला. मी नारळ फोडला. अव्वानं तेलात बोटं बुडवून अंगठा अस्तरावर मधोमध टेकवला, वर कुंकू लावलं, मग त्याच तेलकट बोटांनी विभूतीचे तीन पट्टे ओढले. मेहुण्यानं चपला काढून हात जोडले. ट्रकवाल्या पेंटरनं सांगितलेलं, मी रेघ मारून लिहिलेलं तेल माझ्या लेखी म्हणजे इंजिनाचं तेल, ग्रीस, हाताचा मळ. देवाचं तेल त्यात धरायचं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता रंग द्यायचा तर कुंकू काढायला हवं. पण लग्नघरात कुंकू पुसायचं, हा शब्दसुद्धा कोणी काढत नाही. थिनरचा बोळा घेऊन ते काम करायची तर माझी छातीच नव्हती. मी मऊ ब्रशनं कुंकू आणि विभूती अलगद विड्याच्या पानावर उचलून घेतली आणि पान तुळशीत ठेवलं. अव्वा समाधानानं आत गेली.

मेहुण्यानं चाकाची नळी सोडली. पहिला हात छान बसला. पिस्त्या रंग असा पसरला की मी मनातल्या मनात पाटीवरचा शब्द लिहून टाकला. मग मधोमध रंग मागं सरकायला लागला. एक गोल भोक पडलं, त्याच्याशेजारी दुसरं, आणि बघता बघता तीन आडव्या ओळींत बारीक बारीक डोळे उघडले.

मेहुणा वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दाजी, गाडीला देवी आल्या."

सुकू दिलं, पाण्याच्या कागदानं घासलं, पुन्हा मारलं. पुन्हा तेच. उलट घासण्यानं तेल आणखी पसरलं होतं आणि डोळे आता तिन्ही पट्ट्यांच्या बाहेर गेले होते. कारण मला कळलं होतं. मेहुण्यालाही कळलं होतं. अस्तर तेल प्यालं होतं. ती जागा थिनरनं पत्र्यापर्यंत धुऊन काढल्याशिवाय तिथं रंग धरणार नव्हता. पण ते करायचं म्हणजे या घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला, लग्न ठरायच्या आदल्या दिवशी, सांगायचं की तुमची पूजा धुऊन टाकतो.

व्यापारी जेवायला घरी आले ते सरळ मागं आले. बॉनेट पाहिलं. मेहुण्यानं मला वाचवायला पुढं होऊन उन्हाचं कारण सांगितलं. थंडीचे दिवस असले तरी फरशी तापते, रंग वाटेतच सुकतो, वगैरे. व्यापारी म्हणाले, "ऊन माझ्या गाडीवरच पडतंय व्हय रे? पेंटरच्या शेडला सूर्य न्हाय?" मग माझ्याकडं वळून म्हणाले की सकाळी भावाची गाडी मागवतो, तुमी आवरा.

मी आवरायला लागलो. खरंच, कागद एका पिशवीत, डबी दुसऱ्या पिशवीत. हात आपोआप चालत होते. मनात भावाबंदांच्या गाड्या एकेक करून खोडल्या जात होत्या.

अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती केव्हा आली मला कळलं नाही. ती बॉनेटजवळ गेली, डोळ्यांच्या तीन ओळींवरून हवेतच बोट फिरवलं आणि मला विचारलं, "माझ्या पट्ट्यांची जागा हाय ही. माझ्या तेलानं झालं का?"

मेहुण्यानं मागून माझा शर्ट ओढला. मी म्हणालो, "व्हय, अव्वा. तेलावर रंग बसत न्हाय."

"मग काढा की ते तेल."

मी म्हणालो, कुंकू हाय त्यात. लग्नघर हाय. पुसायचं कसं?

अव्वानं माझ्याकडं असं पाहिलं जसं माझी बायको ट्रंकेकडं बघते. "पुसा म्हणून कोण सांगतंय? आत्ता दिवाळी झाली. पोरांना तेल लावलं, उटणं लावलं, मग तसंच बसवलं का कुणी? तेल लावल्यावर न्हाऊ घालायचं असतंय. देवाला बी तसंच. तुमी मदीच कपडे घातले."

व्यापारी कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. तिनं त्यांना दोन शब्दांत आत जेवायला पाठवलं आणि सुनेला हाक मारून रिठ्याचं कोमट पाणी मागवलं. मग पदर खोचून ती स्वतः बॉनेटला भिडली. रिठ्याचा फेस करून, नातवाचं डोकं चोळावं तसं चोळलं. वरून तांब्यानं पाणी घातलं. "तम्मा, इकडून चोळ," असं मेहुण्याला धाकट्या भावासारखं सांगितलं, आणि इंजिनाचा डॉक्टर मुकाट्यानं दुसऱ्या बाजूनं चोळायला लागला. फेसाचं पाणी तिनं फरशीवर वाहू दिलं नाही. बादलीत धरून झाडाच्या आळ्यात ओतलं. आंघोळ झाल्यावर बाजूला सरकून म्हणाली, "आता तुमचं काय ते अत्तर असंल ते लावा."

अत्तर म्हणजे थिनर. वासावरून तिनं ते नाव ठेवलं होतं. आता माझ्या हाताला भीती नव्हती. न्हाऊन निघालेल्या जागेवर थिनरचा बोळा फिरवताना मला कुठंही आपण काही मोडतो आहोत असं वाटलं नाही. खालचा पत्रा उघडा पडला तिथं पुन्हा लांबी, पुन्हा अस्तर. मधल्या वेळात मेहुणा चाक घेऊन पंपावर पळाला. उन्हं कलली, वारा पडला आणि गल्लीतले माग दुपारच्या पाळीनंतर थोडे शांत झाले, तेव्हा मी फवारा हातात घेतला. पहिला हात, थांबायचं. दुसरा हात, थांबायचं. आम्ही तिघं बॉनेटकडं अशा नजरेनं बघत होतो जसं दूध उतू जायची वाट बघतात. एकही डोळा उघडला नाही.

सकाळी पॉलिश करायला गेलो तेव्हा व्यापारी धोतर-टोपी घालून स्टेशनवर निघायच्या तयारीत होते. बॉनेटभोवती एक फेरी मारली. खड्ड्याची जागा शोधायचा प्रयत्न केला आणि चुकीच्या जागी बोट ठेवलं. मग म्हणाले, "धाकट्या भावाच्या गाडीच्या दाराला बी म्हैस घासलीय. येऊन जा." मोटार निघताना अव्वा विभूती घेऊन आली, नव्या रंगाकडं पाहिलं, क्षणभर थांबली आणि तिनं पट्टे बॉनेटऐवजी समोरच्या काचेच्या कोपऱ्यात ओढले. कोरडे, तेलाशिवाय. विजापूरची मंडळी घरी आल्यावर काय झालं ते आम्हाला पुढच्या महिन्यात मिळालेल्या लग्नपत्रिकेवरून कळलं.

मी कामांचा क्रम बदलला. नारळ आणि पूजा सगळ्यात वर, घासण्याच्याही आधी. त्याखाली आंघोळ. मग कागद, लांबी, अस्तर, रंग. गिऱ्हाइकांनाही ते आवडायला लागलं. कोणी कुंकू लावायचं, कोणी लोबान फिरवायचं, एका रिक्षावाल्यानं आपल्या निळ्या झेंड्याजवळ नुसती मेणबत्ती लावून हात जोडले. ज्याचं जे असेल ते सुरुवातीला, तेलासकट. मग रिठ्याचं पाणी. रिठे मी बाळीवेशीतून पोत्यानं आणायचो आणि दुकानदाराला वाटायचं की आमच्या घरात बायकाच फार आहेत.

त्या पहिल्या कामानंतरच्या रविवारी मी घरी चहा पीत बसलो होतो. बाहेर टेम्पोजवळ बादली सरकल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर मेहुणा पाटीखालच्या, 'रंगकाम'साठीच्या त्या वीतभर जागेसमोर पाण्याचा कागद घेऊन बसला होता. शेजारी डबी, उन्हात ठेवलेली. मी काही विचारायच्या आत त्यानंच आत हाक दिली, "ताई, तेल-कुंकू घेऊन ये गं. दाजींच्या यादीत ते पैलं हाय." बायको ताट घेऊन आली. तिनं मोकळ्या जागेवर तेलाचा अंगठा टेकवला, कुंकू लावलं. मग मेहुण्यानं बाजूला ठेवलेली बादली पुढं ओढली आणि रिठ्याच्या फेसानं टेम्पोला न्हाऊ घालायला सुरुवात केली.